भिंत किती उंच, हे रहिवाशांना विचारणाऱ्या वसुधाताई

पतीच्या हवाई दलातल्या बदलीमुळे मी सोलापूरहून चंडीगडला आले आणि गृहनिर्माण खात्यात कनिष्ठ वास्तुविशारद म्हणून रुजू झाले. पहिल्याच सकाळी वरिष्ठ नियोजक वसुधाताई माझ्या टेबलाशी आल्या. "सोलापूरच्या ना? मग उन्हाचं काही वाटणार नाही. चला, साइटवर जाऊ." आमची ओळख ही अशी, चालता चालता झाली.

पंजाबातील दहशतवादाचा तो काळ. संध्याकाळ झाली की रस्ते ओस पडत, नाक्यानाक्यावर झडती होई. सीमेलगतच्या गावांतून जीव वाचवून आलेल्या कुटुंबांसाठी शहराच्या कडेला नवी वसाहत व्हायची होती. बांधकामाचे नियम ठरवताना वरून सूचना आली: प्रत्येक घरापुढे माणसाच्या डोक्यावरून जाईल अशी भिंत हवी, दर्शनी बाजूला खिडकी नको. सूचना काळजीपोटीच होती. तरी ताई म्हणाल्या, "तिथे राहणाऱ्यांना विचारल्याशिवाय मी नियम लिहिणार नाही."

जमाव नको म्हणून पोलिसांनी सभा नाकारली. ताई स्वतः अधिकाऱ्यांना भेटल्या आणि दिवसाउजेडी, थोड्याथोड्या कुटुंबांना बोलावण्याची परवानगी घेऊन आल्या.

साइटवरच्या पहिल्याच बैठकीत निवृत्त सुभेदार करतारसिंग उंच भिंतीच्या बाजूने बोलले. "सुना घाबरतात, जी. भिंत असली की निदान झोप लागेल." त्यावर हरबन्स कौर उभ्या राहिल्या. त्यांच्या पतीला घरात शिरून मारले होते. "आमची भिंत उंचच होती," त्या म्हणाल्या. "शेजाऱ्यांना काही कळलंच नाही. दीवार इतनी ऊँची मत करो जी, कि मेरी आवाज़ भी बाहर न जाए."

ताईंनी कोणाचीच बाजू घेतली नाही. त्यांनी गवंड्यांना बोलावून तिथेच विटांचे थर कोरडे रचायला लावले. प्रत्येक थरानंतर बायका अलीकडे बसून बाहेरचे किती दिसते ते पाहत, सुभेदार पलीकडून आतले किती दिसते ते. अखेर ठरले ते सगळ्यांनी मिळून: घरापुढे छातीइतकी भिंत, स्वयंपाकघराची खिडकी सामाईक अंगणाकडे, आणि गल्लीच्या तोंडाशी भक्कम फाटक.

ताईंच्या वरिष्ठांना ते पटले नाही. "उद्या काही झालं तर जाब कोण देणार?" त्यांनी विचारले.

"मी देईन. टिपणीवर सही माझी आहे," ताई म्हणाल्या. आवाज जराही चढला नव्हता.

नियम मंजूर झाले, घरे उभी राहिली. पुढे कर्फ्यू लागला, तेव्हा त्या भिंतींवरून दूध आणि रोट्या या घरातून त्या घरात जात राहिल्या. सुभेदारांच्या सुना हरबन्स कौर यांच्या अंगणात स्वेटर विणायला बसू लागल्या.

त्याच कर्फ्यूत मी तापाने फणफणले होते, पती तळावर अडकलेले. कर्फ्यूत सूट मिळताच ताई मऊ भाताचा डबा घेऊन दारात हजर झाल्या आणि ताप उतरेपर्यंत माझ्याकडेच राहिल्या. त्याबद्दल आभार मानू लागले की त्या आजही विषय बदलतात.

यंदा ताईंनी पंचाहत्तरी गाठली. निवृत्तीनंतरही शहरातल्या रहिवाशांच्या बैठका त्या घेतात, आणि कोपऱ्यातला शेवटचा माणूस बोलेपर्यंत कुणाला उठू देत नाहीत. त्यांची प्रकृती अशीच ठणठणीत राहो, गुडघे साथ देवोत, आणि आमच्या नातवंडांनाही त्यांच्या लांबलेल्या बैठकांत ताटकळत बसण्याचे भाग्य लाभो.