परदेशातलं ग्रहण

जगावर येऊ घातलेलं कोणतंही संकट आधी माझ्या सासऱ्यांच्या ओसरीवर हजेरी लावून मगच पुढे जात असे, हे मी छातीठोकपणे सांगू शकतो. धूमकेतू असो, भूकंपाची आवई असो, नाहीतर कुठल्या तरी देशात कोंबड्यांना झालेला ताप असो, दिंडोरीजवळच्या त्यांच्या मळ्यात त्याची खबर आमच्या नाशिकच्या आधी पोचलेली असायची. तसा माणूस भित्रा मुळीच नव्हता. बागेत निघालेला साप ते काठीवर उचलून बांधापलीकडे सोडून येत, आणि तालुक्याच्या साहेबाशी बोलताना त्यांचा आवाज कधी खाली आला नाही. समोर उभ्या ठाकलेल्या गोष्टीचं त्यांना भय नव्हतं. त्यांचं सगळं भय दूरच्या, न दिसणाऱ्या आणि बहुतेक वेळा न येणाऱ्या गोष्टींसाठी राखून ठेवलेलं होतं. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा नाशिकच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो असं सांगताच त्यांनी खुर्ची थोडी मागे सरकवली आणि विचारलं, "तिथं स्फोट-बिट होत्यात का?" आमच्या प्रयोगशाळेत लंबक, भिंगं आणि एक गळका नळ यापलीकडे काही नव्हतं. मी म्हणालो, होत नाहीत. त्यावर त्यांचा पुढचा प्रश्न आला, आजवर झाले नाहीत की होणारच नाहीत? इतक्या अडचणीचा प्रश्न मला पुढे एकाही विद्यार्थ्याने विचारला नाही. तरी लग्न जमलं, आणि मी त्यांना तिकडच्या रीतीप्रमाणे मामा म्हणू लागलो.

द्राक्षबाग हा मुळातच भीतीचा धंदा. लवकर छाटावी तर पावसात सापडून घड कुजण्याची भीती, उशिरा छाटावी तर माल पिकताना गारपिटीची भीती. इतर शेतकरी यातली एक भीती निवडतात आणि देवावर हवाला ठेवून मोकळे होतात. सासऱ्यांनी बागेचे तीन तुकडे केले आणि तिन्ही वेगवेगळ्या वेळी छाटायला सुरुवात केली. नुकसान झालंच तर एका तुकड्याचं व्हावं हा हेतू. पण भीती मात्र तिन्ही तुकड्यांची, आणि ती त्यांना पार मार्चपर्यंत पुरायची. दोन हजार साल उजाडताना सगळे कॉम्प्युटर बंद पडणार अशी बोंब उठली, तेव्हा त्यांच्या मळ्यात कॉम्प्युटर सोडा, साधा कॅल्क्युलेटर नव्हता. तरी त्यांनी गोठ्यामागची जुनी बैलगाडी बाहेर काढून चाकांना वंगण घातलं, ट्रॅक्टर रुसला तर असावी म्हणून. ट्रॅक्टरला तारीख कळत नाही हे मी परोपरीने समजावलं. ते म्हणाले, "त्याला कळत नसंल, पण ज्यानं डिझेल पाठवायचं त्याला कळती ना." एक जानेवारीला सकाळी ट्रॅक्टर पहिल्या झटक्याला चालू झाला आणि मामांनी अख्ख्या वस्तीत पेढे वाटले.

हे पेढे म्हणजे त्यांच्या भीतीचा दुसरा, गोड भाग. संकट टळलं की ते आधी पेढे वाटत, मग सासूबाईंना घेऊन वणीला जात आणि गडावर चढून देवीची ओटी भरत. मुलगा व्हावा, कोर्टाचा निकाल बाजूने लागावा म्हणून तिथे रांगा लागतात. धूमकेतू आपटला नाही म्हणून ओटी भरणारं दाम्पत्य त्या गडाने आमचंच पाहिलं असेल. गडावरून उतरलेले मामा बघण्यासारखे असत. चेहरा न्हाऊन आल्यासारखा, गड्यांना सुट्टी, जेवायला पुरणपोळी, आणि ओसरीवर मांडी घालून तास न् तास नुसतं समोरच्या डोंगराकडे बघत बसणं. डोंगर जागेवर आहे याचा इतका आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. मला कॉलेजात बढती मिळाली तेव्हाही मी इतका सुखावलो नव्हतो. खरं सांगतो, मला त्यांचा हेवा वाटायचा.

दोन हजार आठच्या गणपतीत मात्र प्रकरण माझ्या अंगणात आलं. स्वित्झर्लंड आणि फ्रान्सच्या सीमेवर, जमिनीखाली मैलोन् मैल गोल बोगदा खणून शास्त्रज्ञांनी एक अजस्र यंत्र बसवलं होतं. अणूच्या पोटातले कण जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने पळवायचे, एकमेकांवर आदळायचे आणि त्यातून काय बाहेर पडतं ते बघायचं, असा बेत. मी वर्गात त्याचं इतकं कौतुक करत असे की मुलं मला मागून बोगदा सर म्हणायची. पण टीव्हीवाल्यांनी वेगळंच धरलं. त्या टकरीतून कृष्णविवर निघणार आणि ते आधी युरोप, मग उरलेली पृथ्वी गिळणार, असं लाल अक्षरांत दिवसरात्र चालू होतं. कोपऱ्यात उलटी धावणारी घड्याळं, शेजारी एक जटाधारी बाबा, आणि अर्ध्या मिनिटासाठी बोलू दिलेला एक बिचारा प्राध्यापक. माझी बायको वैशाली तेव्हा सातव्या महिन्यात होती आणि बाळंतपणासाठी दिंडोरीला माहेरी गेली होती. सोमवारी मामांचा फोन आला. "जावईबापू, तुमच्या त्या मशिनचे वेध कधी लागत्यात?"

जगातलं कुठलंही यंत्र त्यांच्या लेखी माझंच होतं, पण वेध ऐकून मी हसलो. ते हसले नाहीत. गेल्याच महिन्यातलं सूर्यग्रहण त्यांनी वैशालीकडून काटेकोर पाळून घेतलं होतं. गरोदर बाईने ग्रहणात चिरायचं नाही, कापायचं नाही, घडी घालायची नाही, एका जागी बसायचं, आणि मोक्ष झाला की अंघोळ करून उठायचं. आता हे दुसरं ग्रहण, तेही परदेशातलं. गुरुजींना विचारून झालं होतं. "ते म्हणले पंचांगात नाय. मग तुमच्याबिगर कोण सांगणार?" आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवून आपण शेवटी पंचांग झालो, असं मनाशी म्हणत मी मंगळवारची दुपारची एसटी पकडली.

जाताना मी मुद्दे जुळवून ठेवले होते. ओसरीवर चहा घेता घेता मी मामांना सांगितलं की त्या बोगद्यातल्याहून कितीतरी जोरकस कण आभाळातून पृथ्वीवर येऊन रोज आदळतात, कोट्यवधी वर्षं आदळताहेत, आणि तरी पृथ्वी शाबूत आहे. यापेक्षा चांगला पुरावा जगातल्या कुठल्याही शास्त्रज्ञाकडे नव्हता. मामांनी बशी खाली ठेवली. "रोज आदळत्यात?" मी म्हणालो, हो, आत्ता या क्षणी सुद्धा. ते उठले, अंगणात लिंबाखाली टाकलेली वैशालीची खाट त्यांनी स्वतः उचलली आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवली. मग मी दुसरी बाजू धरली. उद्या टक्कर होणारच नाही, उद्या कण नुसते बोगद्यातून फिरवून बघणार, फवारणीच्या आधी आपण पंपात साधं पाणी भरून बघतो तसं. हे त्यांना पटलं, चेहरा सैल झाला. मग त्यांनी विचारलं, औषध कधी भरणार? मी खरं ते सांगितलं, अजून काही आठवडे लागतील, सगळं नीट चाललं तर दिवाळीच्या पुढेमागे. ते बोटांवर महिने मोजू लागले तेव्हा माझी चूक माझ्या ध्यानात आली. वैशालीचे दिवस नोव्हेंबरात भरत होते. सासूबाई आतून म्हणाल्या, तुम्ही आता काही समजावू नका. मी रात्रीचं जेवण मुकाट्याने उरकलं.

बुधवारी सकाळी बागेत वेगळाच पेच. पहिल्या तुकड्याची छाटणी चालू होती आणि पेठकडून आलेली टोळी कात्र्या घेऊन उभी होती. मामांनी त्यांच्या कात्र्या गोळा करून ओसरीवरच्या पाटीत ठेवल्या आणि वर फडकं टाकलं. ज्या घरची लेक ग्रहण पाळतेय त्या घरच्या बागेत कात्री चालायची नाही, हा त्यांनी स्वतःच काढलेला नियम. मुकादमाने डोकं खाजवलं. "मालक, आज अमुशा हाय का?" मामा म्हणाले, नाही, ग्रहण आहे. मुकादमाने हात कपाळावर धरून स्वच्छ आभाळाकडे पाहिलं. "कुठंय?" तेव्हा मामांनी माझ्याकडे बोट केलं आणि सांगितलं की ते परदेशातलं आहे, सरांना माहीत आहे. टोळीने माझ्याकडे आदराने पाहिलं. मी मान हलवली.

वैशाली आतल्या खोलीत पाटावर बसली होती. ती शाळेत गणित शिकवते, आणि या असल्या गोष्टींना एरवी तिने मुलखाची नावं ठेवली असती. मी तिला हळूच म्हटलं, उठ, मी तुझ्या आप्पांशी बोलतो. ती म्हणाली, "बसू दे मला. मला काय, दुपारपर्यंतच बसायचंय. आप्पांना किती दिवस असं बसायला लागलंय, तुम्हाला माहीत नाही." मला खरोखरच कळलं नाही. मी बाहेर आलो, तर मामा मांडवाखाली एकटेच उभे होते, अर्धवट छाटलेल्या वेलींकडे बघत. मी जवळ गेल्यावर त्यांनी विचारलं, नव्याण्णवचं ग्रहण आठवतं का?

ते मी विसरणं शक्य नव्हतं. वैशालीला तेव्हा पहिल्यांदा दिवस गेले होते. चौथा महिना. ग्रहणाच्या दिवशी आम्ही इथेच होतो आणि पावसाळी ढगांमुळे दिसलं काहीच नाही, नुसतं अंधारून आलं. वैशाली चुलीपाशी बसून नेहमीसारखी भाजी चिरत होती. पंधरवड्यातच ते मूल गेलं. त्याचा आणि ग्रहणाचा काही संबंध नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं, मी सांगितलं, वैशालीही म्हणाली. मामा त्या विषयावर कधी एक शब्द बोलले नव्हते, आणि मी समजत होतो की त्यांना ते पटलं.

"सासूबाई तुमच्या म्हणत होत्या, तिला बसवा," ते म्हणाले. "मीच म्हणलो, ऱ्हाऊ दे. जावई शास्त्रातले हायेत, त्यांच्यादेखत नको असलं. लय मोठेपणा वाटला मला त्या दिवशी. सगळा जन्म घाबरलो, जावईबापू. तेवढं एकदाच नाय घाबरलो."

मला रडू आलं. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, जावई सासऱ्याच्या खांद्यावर ठेवत नाहीत तसा. त्यांचं काही चुकलं नव्हतं, मूल तसंही राहिलं नसतं, हे मी पुन्हा सांगायला हवं होतं. पण कण, वेग, आभाळ यांच्याबद्दल बोलून बोलून माझी शास्त्रातली पत आदल्या दिवशीच संपली होती. म्हणून मी विचारलं, मोक्ष झाल्याचं कसं कळवू? ते एकदम कामाला लागले. ग्रहणात घरचा टीव्ही लावायचा नव्हता, तेव्हा मी वस्तीवरच्या शेजाऱ्यांकडे बसावं आणि सुटलं की धावत येऊन सांगावं, असं ठरलं. दुपारी दोनच्या सुमाराला पडद्यावर एका मोठ्या खोलीतली माणसं उठून टाळ्या वाजवू लागली. कणांनी अख्खी फेरी पुरी केली होती. इतकी वर्षं ज्या क्षणाची मी वाट पाहिली, तो मी पुरता बघितलाही नाही. मी पायांत चपला न घालता पळत सुटलो आणि अंगणातूनच ओरडलो, "सुटलं, मामा, सुटलं." पेठच्या टोळीतल्या एका म्हातारीने आपली दे दान, सुटे गिराणची हाळी दिली आणि मामांनी पायली पायली बाजरी त्यांच्या पदरात घातली. वैशाली न्हाऊन आली आणि दोन थाळ्या जेवली.

अजून खरी टक्कर शिल्लक होती आणि नोव्हेंबर डोक्यावर होता. पण दहा दिवस झाले नाहीत तोच बातमी आली की त्या यंत्रात बिघाड होऊन गळती झाली आणि ते वर्षभर तरी उठत नाही. कॉलेजात सहकारी माझं सांत्वन करायला आले. मी चेहरा पाडून बसलो आणि ते गेल्याबरोबर दिंडोरीला फोन लावला. मामांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं, तिथं काम करणाऱ्या कुणाला लागलं-बिगलं तर नाही ना? कुणालाही नाही म्हटल्यावर त्यांनी जो सुस्कारा सोडला तो मला नाशिकात ऐकू आला. पितृपक्ष चालू असूनही त्यांनी पेढे वाटले. त्यातला एक मीही खाल्ला, कॉलेजातल्या कुणाला न सांगता. यंत्र बंद असताना, नोव्हेंबराच्या शेवटी, आम्हाला मुलगी झाली, धडधाकट, चांगली सव्वातीन किलोची. सासूबाई सांगतात की मामांनी तिला हातात घेतल्यावर आधी बोटं मोजली, मग कान पाहिले, आणि मग पुन्हा एकदा बोटं मोजली.

पुढच्या वर्षी त्याच सुमाराला यंत्र दुरुस्त होऊन पुन्हा चालू झालं आणि या खेपेला खरोखर टकरी झाल्या. टीव्हीवाले आता दुसऱ्या कुठल्याशा प्रलयाच्या मागे लागले होते. वैशाली मुलीला घेऊन माहेरी होती. म्हटलं, बाहेरून कळण्यापेक्षा आपणच सांगावं, म्हणून मी जपून फोन केला, वेध, स्पर्श, मोक्ष सगळ्याची उत्तरं तयार ठेवून. मी म्हणालो, मामा, ते मशिन चालू झालं, टक्कर पण झाली. ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "होऊ द्या. ती आत्ताच झोपलीय, खांद्यावर हाये माझ्या. मंग बोलू." आणि फोन ठेवला. मला हायसं वाटलं. आणि का कोण जाणे, थोडं चुकल्यासारखंही वाटलं.

त्यानंतर मामा फार वर्षं राहिले नाहीत. जगाचं म्हणून काही त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. त्यांच्या दहाव्याला सगळी भावकी जमली होती, जो तो त्यांच्या घाबरटपणाच्या गोष्टी सांगून हसत होता, मीही बैलगाडीची सांगितली. तेवढ्यात आमची मुलगी बांधावरून धावत आली. "सावकाश, पडशील," असं सगळ्यांच्या आधी कोणी तरी ओरडलं. पन्नास माणसं माझ्याकडे वळून बघू लागली, तेव्हा कळलं की तो आवाज माझाच होता.