एक सावली जास्त

मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी दोनला यांत्रा नदीच्या जुन्या पुलावर एक उंच, दांडगी बाई मिटलेली लाल छत्री हातात घेऊन उभी असते. ती दोब्रिंका. वय त्रेसष्ट, गुडघे कुरकुरणारे, आवाज मात्र पलीकडच्या काठापर्यंत जाणारा. आमच्या गाब्रोवो गावात बायकांनी रंगवलेल्या सहा मोठ्या भिंती आहेत, त्या ती लोकांना पायी फिरवून दाखवते. चित्रं काढणाऱ्या पोरी शिकलेल्या, राजधानीतून आलेल्या. रंगवलं आणि गेल्या. पण त्या सहाही भिंतींना गिलावा केला होता दोब्रिंकाने, ऐन तारुण्यात, सरकारी बांधकामावर. त्या काळी आमच्याकडे गिलाव्याच्या टोळ्या बायकांच्याच असत.

"चित्र बाईचं आणि खालचा गिलावाही बाईचाच," असं ती पहिल्या भिंतीपाशीच सांगून टाकते. "रंग दहा वर्षांत उडेल. माझं काम इथेच राहील."

प्रत्येक भिंतीपाशी ती छत्रीच्या टोकाने माणसं मोजते. एकदा एक म्हातारा तिसऱ्या भिंतीशी ओळखीच्या माणसाबरोबर गप्पांना बसला आणि तीन तास सापडला नाही, तेव्हापासूनची ही सवय. पाच भिंतींपर्यंत मोजणी बरोबर येते. सहाव्या भिंतीपाशी येत नाही.

ती भिंत गिरणीकामगारांच्या चार मजली इमारतीची, पश्चिमेकडची. तिथे पोचेपर्यंत चार वाजतात. ऊन पाठीमागून येतं आणि उभ्या असलेल्या सगळ्यांच्या सावल्या भिंतीवर पडतात. माणसं दहा असली, की सावल्या अकरा. माणसं चौदा असली, की सावल्या पंधरा. बाकी कुणाच्या हे लक्षात येत नाही, कारण सावल्या मोजायला जातो कोण? दोब्रिंका मोजते. जास्तीची सावली नेहमी एकाच ठिकाणी असते, तिच्या डाव्या हाताला, आणि त्या सावलीच्या हातात बादली असते.

हे सुरू झालं मे महिन्यात. रालित्सा नावाची एक लुकडी पोर सहावी भिंत रंगवायला आली होती. बाकीच्या पाच भिंतींवर गावातल्या पाच साध्या बाया होत्या, कुणी विणकर, कुणी नर्स, कुणी ट्रॉलीबस चालवणारी, आणि खाली प्रत्येकीचं नाव. रालित्सा म्हणाली, "मावशी, सहाव्या तुम्हीच. उन्हात उभ्या राहा, तुमच्या सावलीवरून खडू फिरवते. हलायचं नाही हं."

दोब्रिंका हलली नाही. पोरीने डोक्यापासून पायापर्यंत रेघ ओढली आणि दोघी मागे सरून बघायला लागल्या. भिंतीवरची बाई ठेंगणी होती. डोक्याला रुमाल, डावा खांदा उतरलेला, उजव्या हातात बादली. दोब्रिंकाचं डोकं उघडं होतं आणि हात रिकामे होते.

"ऊन सरकलं असेल," रालित्सा म्हणाली.

"असेल," दोब्रिंका म्हणाली, आणि घरी जाऊन पुढ्यातल्या भरल्या मिरच्यांना तिने हातसुद्धा लावला नाही.

रालित्साने अंग रंगवलं, रुमाल रंगवला, बादलीही रंगवली. चेहरा मात्र धरेना. तीन वेळा तिने दोब्रिंकाचा चेहरा काढला आणि तिन्ही वेळा सकाळपर्यंत पोपडे सुटून खाली पडले. "मावशी, गिलाव्यात ओल आहे," ती म्हणाली. एरवी असं कुणी म्हटलं असतं, तर दोब्रिंकाने त्याची सात पिढ्यांची ओल काढली असती. या वेळी ती वाकून पडलेले पोपडे वेचत राहिली. चेहऱ्याची जागा कोरीच राहिली, खालची नावाची पट्टीही. गुडघ्याच्या उंचीवर मात्र एक बारीक फट पडली. एक्केचाळीस वर्षांत त्या भिंतीला केसाएवढीही फट पडली नव्हती.

ती का पडली नव्हती, हे जिवंत माणसांत एकट्या दोब्रिंकाला माहीत होतं.

एक्केचाळीस वर्षांपूर्वी ही भिंत उभी राहायलाच तयार नव्हती. दोनदा बांधली, दोनदा ढासळली. मुकादम बोंबलायचा, वरचे साहेब मुकादमावर बोंबलायचे. मुख्य गवंडी होता मिन्यो, साठीचा, कमी बोलणारा. आमच्याकडच्या जुन्या गवंड्यांचं म्हणणं असं, की माणूस घेतल्याशिवाय मोठी भिंत टिकत नाही. जिवंत माणूस चिणायचे दिवस गेले; पण उन्हात उभ्या माणसाची सावली सुतळीने मापायची आणि ती सुतळी भिंतीत घालायची, एवढं पुरतं. ज्याची सावली मापली, ते माणूस चाळीस दिवस काढत नाही. भिंत मात्र मग शंभर वर्षं हलत नाही.

एक दिवस चारच्या सुमाराला मिन्यो तिला म्हणाला, "दोब्रे, जरा इथे उन्हात उभी राहा गं. रेघ बघायचीय." त्याच्या मुठीतून सुतळीचं टोक लोंबत होतं.

दोब्रिंका तेव्हा बावीस वर्षांची, गवंड्याचीच लेक. बापाच्या तोंडून तिने सगळं ऐकलेलं होतं. असल्या गोष्टींवर विश्वास ठेवायचा तो काळ नव्हता, आणि विचारलं असतं तर तीही हसली असती. मन मानत नव्हतं, पण पायांनी ऐकलं. ती बाजूला सरली. "काका, माझा चुना कालवायचा राहिलाय," ती म्हणाली, आणि मग आवाज चढवून, "स्तोइना, इकडे ये गं! काका बोलावतायत."

स्तोइना तिच्याच टोळीतली, वर्षाने मोठी, ठेंगणी, बादल्या वाहून डावा खांदा उतरलेला. दोघी एकाच डब्यात जेवायच्या. ती बादली खाली न ठेवताच आली. "काय, फोटो काढताय का? हसू?" तिने विचारलं. मिन्यो सुतळी घेऊन गुडघ्यांवर बसला.

भिंत उभी राहिली. अडतिसाव्या दिवशी स्तोइना न्यूमोनियाने गेली.

तिची धाकटी बहीण मार्गा त्या वेळी सतरा वर्षांची होती. आता अठ्ठावन्न वर्षांची, आणि राहते त्याच इमारतीत, तळमजल्यावर, त्या भिंतीच्या कोपऱ्यावरच्या खिडकीशी. दरवर्षी सप्टेंबरच्या अखेरीला, पुण्यतिथीच्या दिवशी, ती बहिणीच्या फोटोचा कागद इमारतीच्या दारावर डकवते, साखर घालून उकडलेले गहू वाटते, आणि प्रत्येकाला तीच गोष्ट सांगते: ती शाळेत कोट विसरली होती, थंड पाऊस पडत होता, आणि स्तोइना भिजत तो आणायला गेली. "एका कोटासाठी मी मारलं तिला," हे तिचं शेवटचं वाक्य ठरलेलं.

दोब्रिंकाने ते वाक्य एक्केचाळीस वेळा ऐकलं होतं. "तुझा काय दोष गं," असं एक्केचाळीस वेळा म्हटलं होतं, आणि गहू खाल्ले होते. पुढचं मात्र तोंडातून कधी निघालं नाही. पुलापलीकडे ऐकू जाणारा आवाज, पण तो एका खिडकीपाशी बसायचा. तिला भीती भुताची नव्हती. मार्गाच्या तोंडाकडे बघून ते सांगण्याची होती.

या सप्टेंबरातही ती नऊ जणांना घेऊन सहाव्या भिंतीपाशी आली, तेव्हा मार्गा गव्हाची ताटली घेऊन बाहेरच उभी होती. बगलेत विणकामाची पिशवी. तिने पाहुण्यांच्या हातात चमचे दिले आणि कोटाची गोष्ट सुरू केली. दोब्रिंका भिंतीकडे बघत होती. तिच्या सावलीच्या डावीकडे ती दुसरी उभी होती. मार्गा "मी मारलं तिला" म्हणाली आणि त्या सावलीने बादली या हातातून त्या हातात घेतली, माणूस उभं राहून कंटाळलं की घेतं तशी.

दोब्रिंकाने भिंतीकडे पाठ केली.

"मार्गा, ती कोटाने नाही गेली," ती म्हणाली.

मग तिने सगळं सांगितलं. सुतळी, चुना, मारलेली हाक. पाहुण्यांपैकी एका बाईचा चमचा तोंडाशी गेलेला तसाच राहिला.

"तुला ठाऊक होतं?" मार्गाने विचारलं.

"होतं."

"आणि माझे गहू खाल्लेस. दरवर्षी."

"खाल्ले."

"साखर कमी पडली म्हणून नावंसुद्धा ठेवलीस."

"ठेवली."

मार्गाने पिशवीत हात घालून लाल लोकरीचा गुंडा काढला. "उभी राहा तिथे."

चार पावलं टाकली असती तर दोब्रिंका कोपऱ्याआड गेली असती. या वेळी तिचे पाय हलले नाहीत. मार्गाने लोकरीचं टोक सावलीच्या डोक्याशी धरलं, खाली बसत पायांपर्यंत आणलं आणि दाताने तोडलं. समोर, तिच्या नाकाशीच, ती फट होती. तिने फटीकडे पाहिलं, दोब्रिंकाकडे पाहिलं, धागा एप्रनच्या खिशात टाकला आणि आत जाऊन खिडकी लावून घेतली.

दोब्रिंकाने दिवस मोजायला घेतले. आईबापांच्या थडग्याला चुना दिला. हिवाळ्यासाठी भरलेल्या मिरच्यांच्या बरण्या शेजारणीला देऊन टाकल्या. स्पेनमधल्या लेकीला फोन करून तिच्या लहानपणच्या गोष्टी सांगत बसली. लेक म्हणाली, "आई, तू अशी का बोलतेयस? डॉक्टरकडे जाऊन आलीस का?" मंगळवारी आणि गुरुवारी ती काम करत राहिली. सहाव्या भिंतीशी खिडकी बंद असायची. आपण फटीकडे बघणार नाही, असं ती वाटेत ठरवायची आणि पोचल्याबरोबर आधी तिकडेच बघायची. आत लाल काही दिसत नव्हतं, पण फट खोल होती.

तिसाव्या दिवशी संध्याकाळी सूप ढवळताना तिचं लक्ष भिंतीकडे गेलं. पळीची सावली काळीभोर होती. पळी धरलेल्या हाताची सावली धुवून विटलेल्या कापडासारखी फिकी होती. तिने दिवा पुसून पाहिला. मग दिवा मालवून अंधारातच सूप प्यायली. मार्गाकडे जाऊन धागा मागावा, असं तिच्या मनात येत होतं, नाही असं नाही. पण कुठल्या तोंडाने मागणार?

चाळिसावा दिवस मंगळवारचा होता, नोव्हेंबरातला, थंड पण लख्ख. पाहुणे नऊ. पाचही भिंती तिने नेहमीसारख्या दाखवल्या. ट्रॉलीबसवालीपाशी तिचा नेहमीचा विनोदही केला आणि लोक हसले. चार वाजता ते सहाव्या भिंतीशी आले. तिने माणसं मोजली, स्वतःला धरून दहा. मग सावल्या मोजल्या. दहा.

मे महिन्यापासून पहिल्यांदा मोजणी जुळली होती. तिचा जीव भांड्यात पडला. सुटले एकदाची, असं म्हणत तिने चित्र दाखवायला छत्री वर केली.

भिंतीवर कुणीच छत्री वर केली नाही.

बादलीवाली जागच्या जागी होती. नऊ पाहुणे होते. जिथे ती स्वतः उभी होती, तिथे रंगवलेल्या एप्रनवर स्वच्छ, पिवळं ऊन पडलं होतं. तिने छत्री खाली घेतली, पुन्हा वर केली. ऊन तसंच.

"हिला चेहरा का नाही?" एका पाहुणीने विचारलं. दोब्रिंकाच्या हातातून छत्री खाली पडली.

तेवढ्यात दार वाजलं. मार्गा बाहेर आली, अर्धवट विणलेला मोजा हातात धरून. तिने भिंतीकडे पाहिलं, आणि तिचे ओठ हलायला लागले. तीही मोजत होती. मोजून झाल्यावर तिने खिशातून लाल धागा काढला.

"चाळीस दिवस रोज त्या फटीपाशी आले," ती म्हणाली. "रोज. बोटाने नुसता ढकलला असता की गेला असता आत."

"मग?"

"मग काय? मी तू नाही."

तिने दोब्रिंकाचं मनगट ओढलं आणि धागा गुंडाळायला लागली. लांब होता, सात-आठ वेढे बसले. गाठ मारताना दोब्रिंकाच्या मनगटाचं हाड दुखलं. "आणि ऐक," गाठीकडे बघतच मार्गा म्हणाली, "मला आता रात्री झोप लागते. कोट स्वप्नात येत नाही. ही झोप तू मला तेव्हाच देऊ शकली असतीस. तो राग वेगळा. तो मी मरेपर्यंत ठेवणार आहे."

"ठेव," दोब्रिंका म्हणाली. तिला रडू आवरेना. भर रस्त्यात, नऊ अनोळखी माणसांदेखत, ती दांडगी बाई हुंदके देऊन रडली. तिने डोळे पुसायला हात वर नेला, आणि जरा उशिराने, जड झाल्यासारखी, भिंतीवर एक सावलीही हात वर नेऊ लागली.

मार्गाने खाली पडलेली छत्री उचलून तिच्या हातात दिली. "चल, तुझं काम कर. ही माणसं थंडीत उभी आहेत."

दोब्रिंकाने नाक पुसलं. छत्रीचं टोक पुढे करून तिने पाहुण्यांना मोजलं, मार्गाला मोजलं, स्वतःला मोजलं. मग टोक भिंतीकडे, आपल्या डाव्या हाताला वळवलं आणि तिथेही एकदा टेकवलं.

"बारा," ती म्हणाली. "सगळे आहोत. चला."

"अहो, आपण अकरा आहोत," ती मघाची पाहुणी म्हणाली.

"तिला मोजू द्या," मार्गा म्हणाली. "एक्केचाळीस वर्षं एक कमी मोजत आलीय ती."