मुखवटा चढण्याआधी

ज्याचं कारण सांगता येत नाही ते मानायचं नाही, हे मी अक्षरओळख होण्याआधी शिकले. नांदेडच्या आमच्या घरात देव्हारा नव्हता. वडील अंधश्रद्धेविरुद्ध छापून आणायचे त्या पत्रकांचे गठ्ठे होते, आणि त्यांवर बसून मी अभ्यास केला. मी लहान असताना आई गेली, तेव्हा वडिलांची विधवा बहीण, माझी आत्या, बिलोलीकडचं सासर सोडून मला सांभाळायला आली. तिनं तिची तळहाताएवढी देवीची मूर्ती पत्र्याच्या पेटीत, साड्यांच्या तळाशी ठेवली. वडिलांनी तिला कधी मनाई केली नाही, पण पेटी उघडायची ती आम्ही दोघं बाहेर पडल्यावरच. पुढे मी स्वतः पत्रकं लिहू लागले, सभांत तावातावानं बोलू लागले. माणसाला त्याच्याच घरात देव लपवावा लागतो, याबद्दल मात्र मी एक ओळही लिहिली नाही.

दोन वर्षांपूर्वी आत्याला काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली किती टिकेल ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. आत्यानं एकच मागणं केलं. तिच्या सासरच्या गावाबाहेर टेकडीवर देवीचं ठाणं आहे. वर्षभर देवीवर चांदीचा मुखवटा असतो. नवरात्र उठल्यावर येणाऱ्या पहिल्या मंगळवारी सकाळी गुरव तो उतरवतो, आतल्या तांदळ्याला तेलशेंदूर लावतो, आणि दुपारच्या आरतीला मुखवटा पुन्हा चढतो. तांदळा म्हणजे न घडवलेला दगड. तेवढ्या वेळातच देवीचं खरं तोंड दिसतं. आत्यानं ते नवी नवरी असताना पाहिलं होतं. "एकदा बघू दे गं बाई, डोळे हायत तवर," ती म्हणाली. मी हो म्हणाले. देवीसाठी नव्हे, तिच्यासाठी.

माझ्या मोटारसायकलची बॅटरी तेव्हा सारखी उतरत होती. गाडी नव्या पद्धतीची, तिला किक नाही. बॅटरी गेली की ती ढकलूनही सुरू होत नाही. दुकानदारानं जुनी बॅटरी काढून नवी बसवली आणि मी निर्धास्त झाले. इंजिन चालू असताना त्यातली कॉइल वीज तयार करते आणि ती रेग्युलेटरमधून बॅटरीत जाते. ती वाट तुटली असेल तर नवी बॅटरीही साठवलेलं तेवढं खर्चून संपणारच. हे मला माहीत होतं. इंजिन चालू ठेवून मीटर लावलं असतं तर घरीच कळलं असतं. पण नवी वस्तू आणली की दुखणं संपलं, या समजुतीवर मीही विश्वास ठेवला.

मंगळवारी उन्हं तापायच्या आत निघालो. रस्त्याच्या एका बाजूला लोकांनी सोयाबीन वाळत घातलं होतं. नरसी मागे पडलं आणि हॉर्नचा आवाज बसला, दिवा पिवळा पडला, मग इंजिन दोनदा ठसकून बंद झालं. स्टार्टरचं बटण दाबलं तर नुसती टिकटिक. मी आत्याला लिंबाखाली बसवलं, गाडीला, दुकानदाराला आणि स्वतःला शिव्या दिल्या. तेवढ्यात मागून एक मोटारसायकल आली. दोन्ही बाजूंना स्टीलची भांडी लटकलेली, हँडलला भोंगा, आणि भोंग्यातून तोच तोच आवाज: डोक्याचे केस द्या, भांडी घ्या. त्या माणसानं भोंगा बंद केला आणि काय झालं ते विचारलं.

मी सांगितलं. त्यानं मागच्या पिशवीतून भोंग्याची बॅटरी काढली. "ही लावा ताई, न् निघा. बिलोलीच्या अंगाला मी सांजच्याला हायच. तवा द्या."

"आणि तुमचा धंदा?"

"आज भोंगा मुका. बायका म्हणतील, बरं झालं, मेल्याचं तोंड बंद पडलं."

आत्या हसली. ती म्हणाली, "घे की बाई. देवीनंच धाडलाय त्याला."

त्या एका वाक्यानं मी बिघडले. ती नुसतं "घे" म्हणाली असती, तर कदाचित मी घेतलीही असती. पण देवीनं धाडला म्हटल्यावर माझ्या आतलं सगळं पत्रक जागं झालं. मी म्हणाले, "बिघाड न शोधता दुसऱ्याची बॅटरी लावली तर तीही उतरेल. आधी कारण शोधायचं." बोलणं खोटं नव्हतं. पण ठाणं आता जवळ होतं, त्याची बॅटरी तेवढ्याला सहज पुरली असती, आणि हे मला त्या क्षणीही कळत होतं. तो म्हणाला, "पोचा की आधी. काय बिघडलंय ते तिथं बघा." मी मीटर काढलं.

फ्यूज पाहिला, चांगला होता. अर्थिंगची वायर सोडून घासून पुन्हा बसवली. कॉइलच्या तिन्ही पिवळ्या वायरी दोन-दोन करून मोजल्या. तिन्ही वेळा आकडा सारखा, आणि बॉडीशी कुठं जोड नाही. म्हणजे कॉइल ठीक. मला शोधाची नशा चढली होती. आत्यानं मधे विचारलं, "किती वाजले गं?" तिला घड्याळाचे काटे दिसत नव्हते, आणि सावलीचाही अंदाज येत नव्हता. बारा व्हायला आले होते. मी म्हणाले, "अकरा." खरं बोलावं म्हणून लोकांना पत्रकं वाटणारी मी, एका अर्ध्या आंधळ्या बाईला वेळ खोटी सांगितली. तो माणूस माझ्याकडे बघत राहिला.

शेवटी सीट काढून रेग्युलेटरकडे जाणारा जोड उघडला. आत एक पिन जळून काळी पडली होती आणि प्लास्टिक वितळलं होतं. वीज तिथंच अडत होती. मी जोड कापला, वायरी खरवडून एकमेकींना पिळल्या, वर टेप गुंडाळली. "सापडलं!" मी ओरडले. बटण दाबलं, तर टिकटिकही नाही. बिघाड गेला होता, पण बॅटरी रिकामीच होती, आणि पहिला धक्का द्यायला बाहेरची वीज लागणारच होती. तो माणूस उठला आणि त्यानं त्याच भोंग्याच्या बॅटरीच्या वायरी माझ्या बॅटरीला टेकवल्या. गाडी सुरू झाली. मी मीटर लावलं. आकडा चौदा व्होल्टच्या वर चढला, म्हणजे बॅटरीत वीज जात होती. मला केवढा आनंद झाला होता! त्यानं बॅटरी परत पिशवीत घातली, भोंगा लावला आणि गेला. मी त्याला नाव विचारलं नाही. आभार मानले की नाही, तेही आठवत नाही.

टेकडीवर पोचलो तेव्हा पंगती बसल्या होत्या. तेलंगणातून आलेल्या बाया ओट्या भरून परतत होत्या. देवीवर चांदीचा मुखवटा चढला होता. मी गुरवाशी भांडले. माणसापेक्षा तुमचं घड्याळ मोठं का, हिचे डोळे जाताहेत, एकदा उतरवलात तर काय बिघडेल, जे सुचलं ते सगळं बोलले. तो म्हणाला, "ताई, देवी सकाळपासून उघडीच व्हती. तुम्हीच न्हाई आलात." आत्यानं माझा दंड धरला. "गप. त्याचं काय चुकलं?" मग ती देवीसमोर बराच वेळ उभी राहिली. "चमकतंय," एवढंच म्हणाली. परतताना माझ्या पाठीवर तिचा हात होता, आणि गाडी कुठंही न अडता चालली. चार्जिंग इतकं उत्तम त्या गाडीचं पूर्वी कधी झालं नव्हतं.

पुढच्या पावसाळ्यात तिची नजर पूर्ण गेली.

गेल्या वर्षी आम्ही एसटीनं गेलो, सोमवारीच, आणि टेकडीखाली मुक्काम केला. सकाळी मुखवटा उतरला. आत्यानं माझं मनगट घट्ट धरलं. "कशी हाय, सांग." मी आयुष्यात कुठल्या देवाकडे धड पाहिलं नव्हतं, आता तिच्यासाठी पाहावं लागलं. तेल ओघळत होतं. शेंदराच्या जाड थराखाली दोन खोलगट जागा होत्या, एक किंचित वर. कपाळाशी दगडाची कड झिजली होती. मी एकेक सांगत गेले. ती विचारायची, "डावीकडं खळगा हाय का?" आणि मी पुन्हा वाकून पाहायचे. खळगा होता. तिला तो इतकी वर्षं आठवत होता. सांगता सांगता मला कळलं की मी आता माहिती देत नव्हते. मी हात जोडले होते. कधी जोडले, कुणास ठाऊक.

ते दर्शन तिचं होतं, मिळालं मला. हे ओझं उतरत नाही, आणि उतरावं असंही वाटत नाही. तो माणूस देवीनं धाडला होता का, यावर मी आता वाद घालत नाही. तो आला होता आणि देत होता, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं. आत्याची पेटी आता बाहेरच्या खोलीत असते, उघडी. रोज सकाळी ती हात पुढे करते, मी देवी तिच्या तळहातावर ठेवते, आणि देवी कशी दिसते ते तिला सांगते.