पूर्वेच्या झऱ्याची पाचर

संतरामनं आयुष्यात बेचाळीस विहिरी बांधल्या. दगडावर दगड, मधे ना चुना ना सिमेंट. साठी उलटल्यावर गुडघ्यांनी नकार दिला. मग त्यानं पहार ठेवली आणि मोबाईल धरला. मुलगी संगिता शाळेत शिकवते. तिनं त्याला ब्लॉग काढून दिला. पुसेगावात घरी बसून तो दर रविवारी एका विहिरीवर लिहू लागला.

पहिले सहा लेख त्यानं फार सजवले. 'धरणीमातेच्या उदरातील अमृतकुंभ' वगैरे. वाचणारे अकरा, त्यांत घरचे चार.

"बाबा, तुमी असं बोलता का कधी?" संगितानं विचारलं.

"न्हाई."

"मग लिहिता काहून?"

बायको द्वारकाबाई चुलीपासून म्हणाली, "लोकायला समजलं तं वाया जाईल ना."

संतरामला ते लागलं. जो दगड भार घेत नाही तो भिंतीत ठेवायचा नाही, हे तो जन्मभर दुसऱ्यांना सांगत आला होता. त्यानं सहाही लेख पुन्हा लिहिले. भार न घेणारा प्रत्येक शब्द काढला. लेख निम्मे झाले, वाचणारे दोनशे.

फाल्गुनात बातमी आली की शेजारच्या वाडीची विहीर बुजवणार. पंधरा वर्षं ती कोरडी होती. तिथं सभामंडप व्हायचा होता, सोमवारी ग्रामसभा ठरली होती. ती संतराम आणि त्याचा जोडीदार गुलाम नबी यांची पहिली विहीर. संतरामनं ठरवलं, वाडी थांबेल असा लेख लिहायचा.

त्यानं कामाचा क्रम धरला. सात परस, म्हणजे चाळीस फूट खोदाई. तळाला खडक. पूर्वेला झरा फुटला, इतका जोराचा की दगड बसेना. अशा वेळी झऱ्याच्या भोकात पोत्याच्या चिंध्यांचा बोळा कोंबतात, वर बाभळीची पाचर ठोकतात. बांधून झालं की पाचर उपसतात. एवढं लिहून झालं. पुढचं वाक्य होतं, 'मग पाचर काढली.' बोट थांबलं. कोणी काढली?

तो तसाच गुलाम नबीच्या घरी गेला.

"पूर्वेची पाचर तू काढली व्हती ना?"

"मी? तू शेवटी वर आला व्हता. तूच काढनार व्हता."

म्हणजे कोणीच काढली नव्हती. त्या साली पावसाळा लवकर लागला होता. बाकीच्या झऱ्यांनी विहीर भरली, वाडी खूश झाली. पुढं ते झरे आटले. तळ पाहायला कोणी उतरलं नाही.

"हे लिहू नको," गुलाम नबी म्हणाला. "चाळीस वर्षांची इज्जत हाय. दुसरं काही बी लिही. वाडवडील, गावची शान."

"त्यानं विहीर वाचंल?"

"न्हाई."

"मग?"

गुलाम नबीनं दाढी खाजवली. "माझं नाव बराबर लिही. पुरं लिही."

लेख एवढाच झाला: 'वाडीची विहीर कोरडी नाही. चूक संतराम आणि गुलाम नबी या दोघांची आहे. पूर्वेच्या भिंतीत, तळापासून हातभर वर, आमची पाचर राहून गेली. ती काढू द्या. पाणी आलं नाही तर बुजवा. मातीची पहिली टोपली मी टाकीन.'

संध्याकाळपर्यंत लेख वाडीतल्या प्रत्येक मोबाईलवर पोचला. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना पारावर वाचून दाखवला गेला. सोमवारी ग्रामसभा विहिरीच्या काठावर भरली.

"चाळीस वर्षं झोपले व्हते का मामा?" एकानं टोला हाणला.

"व्हय," संतराम म्हणाला. "लिहायला बसलो तवा जाग आली."

गुडघे कुरकुरत होते, तरी तोच उतरला. कमरेला दोर, दोराचं टोक चौघांकडे, सूचना गुलाम नबीच्या. हातभर गाळ काढल्यावर पाचर लागली. काळी पडली होती, पण घट्ट. तीन वेळा पहार निसटली. चौथ्यांदा पाचर निघाली.

काही झालं नाही. त्यानं पहारेचं टोक भोकात घालून कुजलेला बोळा ओढला. चिखल आला. मग बोटाएवढी गढूळ धार. मग मनगटाएवढी.

 वर आधी बायका हसू लागल्या, मग सगळा काठ हसू लागला. सरपंचबाईंनी तिथंच ठराव सांगितला: गाळ काढायचा, कठडा बांधायचा, मंडप दुसरीकडं.

"वर ये आता," गुलाम नबी ओरडला. "किती भिजशील?"

"थांब," खालून आवाज आला. "जरा निवळू दे. पिऊन येतो."