रिकामी गाडी धाडू नये

गच्चीवरची टाकी सांधताना फायबरचा उग्र वास आला आणि जळगाव–धुळे शर्यतीबद्दलचे ते जुने असत्य आठवले. शर्यतीसाठी आमच्या शेटजींच्या चिरंजीवांच्या मोटारीचे वजन घटवण्यासाठी मी स्वहस्ते फायबरचे दरवाजे घडवले, काचांऐवजी प्लॅस्टिक बसवले, मागचे आसनही काढले. शर्यतीच्या सकाळी शेटजींनी त्या मोकळ्या जागेत केळीचे घड रचले. "धुळ्याला गाडी रिकामी कशी धाडायची? व्याह्यांकडे केळी जाऊ द्या." मी म्हणालो, "शेटजी, ही शर्यत आहे!" ते म्हणाले, "मग मागची सीट काढलीस कशासाठी?" मोटार सर्वांत शेवटी पोहोचली. फायबर कच्चे होते म्हणून ती हरली, असे गावातली विद्वान मंडळी अजून सांगतात. त्या मोटारीचा एक फायबरचा दरवाजा आज माझ्या न्हाणीघराला आहे. ज्याला शंका असेल त्याने येऊन लाथ मारून पाहावी.