एका काडीची एक बाटली

"पकड वाढली ती काडी बारीक केल्यामुळे नाही, घाणीमुळे," बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले. "तुमच्या बारीक काड्या मळक्या बॅचमधल्या असतील. मग थीसिसमध्ये उरलं काय?"

प्रश्न वंदनाला होता. तिची पाच वर्षं त्यात अडकली होती. मी तिचा गाइड, त्यामुळे घाम मला फुटला.

आधी विषय सांगतो. काही स्फटिक केसाहून बारीक काड्यांसारखे वाढतात. खूप थंड केले की त्यांतले इलेक्ट्रॉन लाटेसारखे दाट-विरळ बसतात. ही लाट सरकली तर वीज जास्त वाहते. पण आतला एखादा परका अणू, म्हणजे इम्प्युरिटी, परीक्षकांच्या भाषेत घाण, तिला धरून ठेवतो. हे पिनिंग. व्होल्टेज वाढवत नेलं की एका आकड्याला लाट सुटते, तो थ्रेशोल्ड. जाड काडीत असे पुष्कळ अणू लाटेला इकडेतिकडे ओढतात आणि त्यांची ओढ बरीचशी आपसात कटते. बारीक काडीत तेवढी कटत नाही, पकड घट्ट होते. काड्या उभ्या चिरून बारीक करत वंदनाने हेच मोजलं होतं, आमच्या गडचिरोलीच्या लॅबमध्ये, गुरांच्या दवाखान्यातून आणलेल्या लिक्विड नायट्रोजनवर.

मीच तिला सांगितलं होतं, सगळ्या बारीक काड्या एका डबीत टाक. आता कुठली कुठून आली हे कसं दाखवणार? मला माझीच चीड आली.

वंदना उठली आणि कपाटातून होमिओपॅथीच्या जुन्या बाटल्यांचा ट्रे घेऊन आली.

"सर, रागावू नका. तुमचं ऐकलं नाई मी."

"काऊन?" मीही तिच्याच बोलीत आलो.

"आमच्या सिंदेवाहीकडे आई वावरातल्या एका बांधीचं धान दुसऱ्या बांधीच्या बियाण्यात मिसळू देत नाई. मले तीच सवय. एका काडीच्या चिरट्या एकाच बाटलीत."

म्हणजे प्रत्येक बाटलीत एकाच काडीचे जाड आणि बारीक तुकडे. घाण दोन्हींत तीच. परीक्षकांनी वही मागवली, एकेक बाटली ताडून पाहिली. प्रत्येकीत बारीक तुकड्याचाच थ्रेशोल्ड जास्त होता.

"प्रश्न मागे घेतो," ते म्हणाले. "पण आई मिसळू का देत नाहीत?"

"पुढच्या साली धान बिघडलं, त बियाण्यानं बिघडलं का बांधीनं, कसं समजन?"

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. एवढं नेमकं मला वीस वर्षं शिकवून सांगता आलं नव्हतं.

वंदना डॉक्टर झाली. नव्या विद्यार्थ्यांना मी आता पहिल्याच दिवशी बाटल्या देतो. ही पद्धत माझी, असं त्यांना वाटतं. वंदना लॅबमध्ये आली की मला खरं सांगावं लागतं.