बुधवारचं पाऊल

तुमच्या मुलानं पहिलं पाऊल कोणत्या वारी टाकलं? फोन हातातून खाली ठेवा आणि आठवून सांगा. तारीख नको, ती फोटोच्या कोपऱ्यात छापून येते. वार सांगा.

नाही ना आठवत? करी रोडच्या आमच्या चाळीत, तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या एका आजोबांना एकोणीस पोरांचे वार पाठ होते. त्यातलं एकच पोर त्यांचं स्वतःचं होतं.

आजोबा गिरणीच्या कँटीनमध्ये आचारी होते. गिरणी बंद पडली, कँटीन गेलं, पण हाताची सवय गेली नाही. समोर काहीही आलं की ते आधी त्याला उलटा हात लावायचे, जसा आपण पातेल्याला लावतो. पेपर आला, उलटा हात. लग्नाची पत्रिका आली, उलटा हात. मग निकाल द्यायचे. "शिळो." किंवा "शिळी." क्वचित कधीतरी, "गरम आसा."

मी तेव्हा भाडेकरूंच्या समितीसाठी पत्रकं लिहीत असे. लिहिलेलं पत्रक सगळ्यांत आधी त्यांच्याकडे न्यायचे.

"काय गो पत्रकवाली, आज कोणाक शिव्या?"

"बिल्डरला, आजोबा."

ते चष्मा न लावताच कागदाला उलटा हात लावायचे. "शिळा झाला. बिल्डर काल येवन गेलो. ह्या काल सांगूक व्हया होता."

त्यांचा सगळा धर्म एवढाच होता. घडलेली गोष्ट त्याच दिवशी सांगायची. मजल्यावरचं कुठलंही मूल चालायला लागलं की त्याच दिवशी त्यांच्या बिडाच्या तव्यावर घावणे पडायचे, सोबत गुळाचा रस. एकेक घावणा ते स्वतः दारोदार नेऊन द्यायचे. "अमक्याचो झील चललो," एवढंच बोलायचे आणि पुढच्या दाराशी जायचे. संध्याकाळ व्हायच्या आत अख्ख्या मजल्याला माहीत झालेलं असायचं. वार त्यांना असेच लक्षात राहिले. "तू मंगळवारी चललंस. त्या दिशी नळाक पाणी नव्हता, शेजारणीकडून कळशी आणलंय मी," असं त्यांनी मला किती वेळा सांगितलं असेल. माझ्या आईलासुद्धा वार आठवत नव्हता.

त्यांचा मुलगा याच गॅलरीत चालायला शिकला. शुक्रवारी. आता तो रस्त्याच्या पलीकडच्या टॉवरमध्ये अठराव्या मजल्यावर राहतो. पलीकडच्या म्हणजे अमेरिकेतल्या नव्हे. आमच्या गॅलरीतून त्यांच्या हॉलचा पडदा दिसतो. चाळीचे तीन जिने उतरायचे, रस्ता ओलांडायचा, लिफ्टचं बटण दाबायचं. दहा मिनिटांचं काम.

त्याला मुलगी झाली आणि त्याला एक नवा शब्द सापडला. "बाबा, आम्हाला तुम्हाला इन्व्हॉल्व करायचंय." बायकोनं कुठल्याशा पालकांच्या ॲपवर वाचलं होतं की मुलाच्या वाढीच्या प्रत्येक टप्प्यावर आजी-आजोबा असावेत, त्यानं मूल भावनिकदृष्ट्या सुरक्षित होतं. त्यांनी टप्प्यांची यादीच केली होती. ती घेऊन तो वडिलांच्या खोलीत आला होता. मी पत्रक घेऊन तिथं बसलेली, म्हणून मला ऐकायला मिळालं. बारसं, बोरन्हाण, पहिला दात, पहिलं पाऊल, पहिला वाढदिवस. प्रत्येकापुढे रविवार लिहिलेला.

आजोबांनी यादीला उलटा हात लावला. "दात आयतारी येतलो ह्या कोणी ठरवलान?"

"अहो बाबा, दात कधीही येऊ दे. आपण सेलिब्रेट रविवारी करायचं."

दात आला तेव्हा कुटुंबाच्या ग्रुपवर व्हिडिओ आला. आजोबांकडे साधा बटणांचा फोन. त्यावर व्हिडिओ येत नव्हता, पण माणसाचा आवाज येत होता, हे त्या सुशिक्षित जोडप्याला कुणी सांगायचं? चार दिवसांनी त्यांच्या एका भाच्यानं तो व्हिडिओ मला पाठवला आणि मी माझ्या फोनवर त्यांना दाखवला. गुलाबी हिरडीवर तांदळाच्या कणीएवढा दात. त्यांनी दोनदा पाहिला.

"कधीचो?"

"शनिवारचा."

"आज बुधवार," म्हणाले आणि फोन परत दिला. "माका व्हिडिओ नको गो. माका वार व्हयो."

मुलगी धरून उभी राहायला लागली, तसं आजोबांनी रोज सकाळी वाटीभर तांदूळ भिजत घालायला सुरुवात केली. कोणत्याही दिवशी निरोप येईल, तेव्हा पीठ तयार पाहिजे. निरोप यायचा नाही. मग संध्याकाळी ते घावणे स्वतः खायचे किंवा आम्हाला द्यायचे, पण कुणाचंही नाव न घेता. मजल्यावरची पोरं कंटाळली. "आजोबा, आज पण घावणे?" एक म्हातारा माणूस पंधरवडाभर रोज तांदूळ भिजवतो म्हणजे काय करतो, हे त्या अठराव्या मजल्यावर कुणाच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं. त्यांच्या यादीत तांदूळ नव्हते.

आता माझा भाग. तो मी टाळणार नाही.

पत्रकं लिहून पोट भरत नाही. मी लहान मुलांचे सोहळे चित्रित करणाऱ्या एका फोटोग्राफरकडे मदतनीस होते. कॅमेरा तो धरायचा, फोटोखालच्या ओळी मी लिहायचे. 'पहिलं पाऊल' या रविवारच्या सोहळ्याचं काम आजोबांच्या मुलानं आम्हालाच दिलं, कारण मी 'आपल्या चाळीतली'. बुधवारी दुपारी उजेड कुठून येतो ते बघायला आम्ही त्यांच्या घरी गेलो. मी पडदा सरकवत होते. मागं वळले तर मुलगी सोफा सोडून निघालेली. एक, दोन, तीन, चार. मग धपकन बसली आणि स्वतःवरच खूश होऊन हसली.

तिची आई आनंदानं ओरडली. तिनं मुलीला उचललं, मुके घेतले, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तो क्षण खरा होता, ते मी नाकारत नाही. पण तो किती वेळ टिकला? नवऱ्याला फोन लावून झाला आणि ती आमच्याकडे वळली. "प्लीज, हे आपल्यातच ठेवा हां. रविवारी सगळे येणारेत. बाबांसाठी तर सरप्राइज आहे."

मी मान हलवली. जगाला सत्य सांगा म्हणून पत्रकं छापणारी मी, मान हलवली.

परत येताना आजोबा दारातच बसले होते. मांडीवर तांदळाची वाटी, खडे निवडत.

"तकडे गेललंस मा? चेडू उबा रवता?"

"हो. राहते की उभी."

"मगे आज-उद्या," ते म्हणाले आणि तांदूळ धुवायला उठले.

रविवारी ते टॉवरच्या फाटकाशी आले. एका हातात स्टीलचा डबा, दुसऱ्या हातात रसाची बाटली. वॉचमननं वहीत त्यांच्या नावापुढे 'गेस्ट' लिहिलं. वर गेल्यावर सुनेनं त्यांना फिक्या बदामी रंगाचा कुर्ता दिला, कारण सगळ्यांचे कपडे त्याच रंगाचे होते. डबा स्वयंपाकघरात गेला. टेबलावर पावलाच्या आकाराचा केक होता, त्याच्या शेजारी घावणे 'चांगले दिसले नसते'. आजोबांना पांढऱ्या सतरंजीच्या टोकाला बसवलं. कुठं बसायचं त्यासाठी जमिनीवर चिकटपट्टी लावली होती. तीसुद्धा मीच लावली होती.

मुलगी सोडली. ती चालत आली. अर्ध्यात थांबली, सतरंजीची घडी बघून पाय उचलला, फुग्याकडे वळली आणि मग आजोबांकडे आली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. फोटोग्राफर म्हणाला, "आजोबा, परत एकदा, टाळ्या जरा वर." आजोबांनी टाळ्या जरा वर वाजवल्या. तिसऱ्यांदाही वाजवल्या. मुलगी त्यांच्या मांडीत येऊन बसली तेव्हा त्यांनी तिच्या तळपायाला उलटा हात लावला. मग मान वर करून पाहिलं. मुलाकडे नाही, सुनेकडे नाही. माझ्याकडे.

डबा तसाच भरलेला घेऊन ते निघाले. मी सोबत उतरले. लिफ्टमध्ये आम्ही दोघंच.

"पयल्या दिसाक पोर वळणा नाय," ते म्हणाले. "पडता. खयचो वार?"

मी म्हटलं, "बुधवार."

ते लिफ्टचे उतरते आकडे बघत होते. "बुधवारी तू माज्या दारात उबी होतंस. मी तुका इचारलंय."

मी तळमजल्याचं बटण पुन्हा दाबलं.

"आणि तू पत्रका लिवतंस," ते म्हणाले. तळमजला आला.

मुलाविरुद्ध ते कधीच काही बोलले नाहीत. बोलण्याची गरज होती असं मला वाटतं, म्हणून मी बोलते. म्हाताऱ्या माणसाला घरातून वगळणं क्रूर आहे, पण त्यात निदान लपवाछपवी नसते. त्याला चिकटपट्टीवर बसवून टाळ्या वाजवायला लावणं आणि त्याला सहभाग म्हणणं, ही जास्त हलकी गोष्ट आहे. तुम्हाला आजोबा नको होते. तुम्हाला आजोबा असलेला फोटो पाहिजे होता. आणि त्या फोटोखाली 'आजोबांच्या साक्षीनं, पहिलं पाऊल' अशी ओळ मी लिहून दिली. ग्रुपवर तिला सत्तर लाल बदाम आले.

पुढच्या बुधवारी सकाळी माझं दार वाजलं. आजोबा पानावर घावणा घेऊन उभे. "माजी नात चलली," म्हणाले.

"आजोबा, आठवडा झाला."

"म्हायत आसा. शिळाच तां. पण वार तरी ताजो आसा." आणि पुढच्या दाराशी गेले. सगळा मजला झाला तेव्हा सहा घावणे उरले होते. "चल माज्यावांगडा," म्हणाले.

आम्ही टॉवरच्या फाटकाशी गेलो. वॉचमननं वर फोन लावला. कुणी उचलला नाही. आईबाप ऑफिसात, मुलगी पाळणाघरात. बुधवार होता.

"क्या है बाबा, बर्थडे?" वॉचमननं डब्याकडे बघत विचारलं.

"पोती चली," आजोबा म्हणाले. "बुधवार को."

त्यांनी डबा तिथंच उघडला. वॉचमन आणि त्याचा जोडीदार, दोघांनी टेबलाशी उभ्यानं रसात बुडवून घावणे खाल्ले. वॉचमन म्हणाला, माझी मुलगी गावी आहे, ती कधी चालली ते मला बायकोनं त्याच दिवशी फोनवर सांगितलं, सोमवार होता. आजोबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्या टॉवरमध्ये त्यांना भेटलेला तो पहिला शहाणा माणूस होता.

पुढच्या उन्हाळ्यात ते गावी गेले. जाताना तवा मला देऊन गेले. मी माफी मागायचं ठरवलं होतं. आंबे संपले की ते परत येतील, तेव्हा निवांत बोलू, असं म्हणून मी ती पुढं ढकलली. मीही रविवार शोधत होते.

ते परत आले नाहीत. सोहळ्याचे फोटो वाटण्यासाठी मुलानं जो ग्रुप केला होता, त्यात मी अजून होते. एका शनिवारी त्यावर निरोप आला की बाबा गुरुवारी गेले. चाळीत कुणालाही फोन केला नव्हता. शोकसभा रविवारी, चार ते सहा. सोबत फोटो होता. बदामी कुर्त्यातले आजोबा, टाळ्या जरा वर. खालची माझी ओळ कापायला कुणीतरी विसरलं होतं.

शोकसभेला मी गेले नाही. रात्री तांदूळ भिजवले, रविवारी सकाळी वाटले, आणि ते गुरुवारी गेले असं प्रत्येक दाराशी जाऊन सांगितलं. तीन दिवस उशीर झाला होता. माझे घावणे फाटले.

आता तुमच्याकडे एक काम आहे, आणि ते आजच करायचं आहे. तुमच्या घरातलं मूल आज पहिल्यांदा काही करील. उभं राहील, उंबरा ओलांडील, आपलं नाव लिहील. व्हिडिओ पाठवू नका. त्याच्या आजी-आजोबांना फोन लावा, काय झालं ते तोंडानं सांगा, आणि वार सांगा. ते रस्त्याच्या पलीकडे राहत असतील तर फोनही नको. मुलाला कडेवर घ्या आणि चपला घाला.